व्यवसायाचा ब्लॉग वर्षभर कसा चालवावा: हापूस बागायतदाराच्या उदाहरणासह

व्यवसायाच्या वेबसाइटवरील ब्लॉग बहुधा एकाच रीतीने बंद पडतो. पहिल्या महिन्यात सहा लेख, दुसऱ्या महिन्यात दोन, मग गुढीपाडव्याच्या शुभेच्छा आणि त्यानंतर थेट दिवाळीच्या. मालक म्हणतो, वेळ मिळत नाही. वेबसाइट बनवून देणारा म्हणतो, लेखच मिळत नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे असते, पण मूळ चूक त्याआधीची असते: काय लिहायचे, केव्हा लिहायचे आणि लिहिलेल्याची निगा कोणी राखायची हे ठरवण्यापूर्वीच लेखन सुरू केलेले असते. पुढील क्रम ही चूक टाळण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून रत्नागिरी–देवगड पट्ट्यातील, मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना हापूसच्या पेट्या थेट पाठवणारा एक बागायतदार डोळ्यांसमोर ठेवला आहे. हा व्यवसाय हंगामी आहे, ग्राहकाला माल हातात येईपर्यंत दिसत नाही आणि बाजारात फसवणुकीची शंका कायम असते. त्यामुळे लेखांची गरज आणि लेखांतील चुका, दोन्ही येथे ठळक दिसतात. आपला व्यवसाय वेगळा असला, तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवावा.

## टप्पा १: लेखापूर्वी प्रश्नांची वही

पहिले काम वहीचे आहे, संगणकाचे नाही. ग्राहक फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोरासमोर जे विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून घ्यावे. व्यवसाय जुना असेल, तर मागील हंगामातील व्हॉट्सॲपची संभाषणे चाळावीत. बहुतेक सामग्री तेथेच सापडते. बागायतदाराच्या वहीत साधारणपणे अशा नोंदी येतील:

- “दादा, पेटी उघडली तर सगळे आंबे हिरवेच निघाले. असे का?”
- “वरून चांगला होता, कापला तर आत पांढरट आणि स्पंजासारखा. पैसे परत मिळतील का?”
- “हा देवगडचाच कशावरून? कर्नाटकातला तर नाही ना?”
- “पावडर घालून पिकवलेला आहे का?”
- “पाच डझनांची पेटी आणि दोन डझनांचा खोका, यात फळाचा आकार तोच असतो का?”
- “मुलगी अमेरिकेत आहे, तिच्या पत्त्यावर पाठवाल का?”

प्रश्नाची भाषा सुधारू नये. ग्राहक “स्पंजासारखा” म्हणतो, बागायतदार त्याला साका म्हणतो आणि कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत आणखी वेगळा शब्द असतो. शोधणारा माणूस स्वतःचाच शब्द टंकतो, त्यामुळे शीर्षकात तो हवा. धंद्यातील शब्द मजकुरात समजावून सांगता येतो. “हापूस” आणि “हापुस” असे दोन्ही प्रकारे लिहिणारे आणि रोमन लिपीत टंकणारेही पुष्कळ आहेत. आपण शुद्ध लेखनच करावे, शोधयंत्रे असे फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. मात्र ग्राहक नेमके काय टंकतात, त्याची वेगळी नोंद ठेवावी.

सावधान: घरातल्यांनी किंवा कार्यालयात बसून “लोक काय विचारत असतील” याचा अंदाज बांधून यादी करू नये. अंदाजाच्या यादीत “आंब्याचे दहा फायदे” हमखास पहिले येते आणि तो प्रश्न पेटी विकत घेणाऱ्याने कधीच विचारलेला नसतो.

तपासणी: वहीत किमान पंचवीस खरे प्रश्न जमेपर्यंत पुढील टप्प्याकडे जाऊ नये. पंचवीस जमत नसतील, तर जो फोन उचलतो त्याला विचारलेले नाही, असे समजावे.

## टप्पा २: प्रश्नांची निवड

सर्व प्रश्न लेखाच्या योग्यतेचे नसतात. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तो किती वेळा येतो, उत्तर न मिळाल्यास ग्राहक खरेदी थांबवतो का, आणि त्याचे उत्तर आपल्याला इतरांपेक्षा अधिक नेमके देता येते का. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त वगळली जाते.

आंबा पौष्टिक आहे, हे हजार ठिकाणी लिहिलेले आहे. त्यात एका बागायतदाराची भर पडून काही बदलत नाही. पण झेल्याने (टोकाला जाळी बांधलेल्या काठीने) देठासह काढलेले फळ आणि देठ तुटून चीक सालीवर ओघळलेले फळ पिकल्यावर कसे वेगळे दिसते, हे बागेत उभे राहणाऱ्यालाच छायाचित्रासह दाखवता येते. फेब्रुवारीच्या पेटीचा दर मेच्या पेटीपेक्षा इतका चढा का, यंदा ढगाळ हवेमुळे कोणता मोहोर गळला आणि म्हणून दुसऱ्या बहराचे फळ केव्हा येईल, हेही त्यालाच ठाऊक असते. लेखाचे भांडवल हेच आहे.

दुसरीकडे, ज्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते, त्याचा लेख करू नये. “रविवारी पेटी पोहोचते का?” याची जागा मागणीच्या पानावर आहे. एका ओळीचे उत्तर सहाशे शब्दांपर्यंत ताणले, की वाचकाला ते लगेच कळते.

पंचवीस प्रश्नांतून पहिल्या वर्षासाठी बारा ते पंधरा निवडावेत. हा आकडा अनेकांना कमी वाटतो, विशेषतः आठवड्याला दोन लेखांचे कंत्राट देऊ पाहणाऱ्यांना. छोट्या व्यवसायाला माझ्या मते एवढे पुरते. पन्नास उथळ लेखांची पुढे निगा राखता येत नाही आणि न राखलेला लेख चुकीचा दर, बंद झालेला क्रमांक किंवा जुना नियम सांगत वर्षानुवर्षे तेथेच पडून राहतो.

## टप्पा ३: जागा आणि मालकी

या टप्प्यात फार वेळ घालवू नये, पण चार गोष्टी चुकवूही नयेत.

एक, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा मुख्य पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर डोमेन असणे, त्याच्याशी बिनसणे किंवा त्याने धंदाच बंद करणे, आणि नूतनीकरणाची सूचना आपल्यापर्यंत न पोहोचणे ही साखळी अतिशय परिचयाची आहे. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट जेथे साठवलेली असते ती भाड्याची जागा) आणि वेबसाइटचे मुख्य खाते यांचे पासवर्ड मालकाकडे असलेच पाहिजेत.

दोन, ब्लॉग व्यवसायाच्या मुख्य डोमेनखालीच ठेवावा. समाजमाध्यमावरील पान हे पूरक आहे. तेथील लेख चार दिवसांनी खाली सरकतो आणि पुढच्या हंगामात कोणालाही सापडत नाही.

तीन, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर आणि संगणकावर सारखाच दिसणाऱ्या अक्षरप्रणालीत हवा. छपाईसाठी श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला, तर निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ओळ न् ओळ वाचून घ्यावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. दरपत्रकाचे चित्र करून टाकणे हीदेखील तशीच चूक आहे: चित्रातील अक्षरे शोधात भरवशाने येत नाहीत आणि मोबाइलवर वाचताही येत नाहीत.

चार, लेखाचा वेबपत्ता लहान आणि रोमन लिपीत ठेवावा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना बहुधा टक्केचिन्हे आणि आकड्यांच्या लांबलचक माळेत बदलतो आणि लोक त्यावर बोट ठेवायला कचरतात. ब्लॉगर वापरत असाल, तर देवनागरी शीर्षकापासून त्याला अर्थपूर्ण पत्ता बनवता येत नाही. तो स्वतः टंकावा लागतो आणि तोही प्रकाशनापूर्वीच.

तपासणी: पहिला लेख चढवण्याआधी गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून आपल्या वेबसाइटवर येतात हे दाखवणाऱ्या सेवेत, वेबसाइटची नोंदणी करावी. ही सेवा विनामूल्य आहे आणि नोंदणी जितकी उशिरा होते, तितके सुरुवातीचे आकडे हातचे जातात.

## टप्पा ४: वेळापत्रक हंगामाकडून मागे मोजावे

“दर सोमवारी एक लेख” हे वेळापत्रक कागदावर शोभते आणि एप्रिलमध्ये मोडते. ज्या महिन्यात ग्राहक सर्वाधिक असतात, त्याच महिन्यात मालकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे वेळापत्रक मागणीच्या काळापासून मागे मोजत यावे. नवे पान शोधात दिसू लागण्यास काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, हे गृहीत धरून मुख्य लेख मागणीच्या किमान दोन महिने आधी तयार हवेत.

हापूसच्या बाबतीत वर्षाची मांडणी अशी करता येईल. जून ते सप्टेंबर हा दुरुस्तीचा आणि आढाव्याचा काळ आहे. याच काळात आमरस, आंबापोळी, लोणचे असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकत असल्यास त्यांवरील लेख लिहावेत. ऑक्टोबरपासून पालवी आणि मोहोर यांची छायाचित्रे तारखेसह जमवावीत, कारण मे महिन्यात मोहोराचे छायाचित्र कोठून आणणार? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेटी कशी निवडावी, फळ कसे पिकवावे, साका म्हणजे काय, अस्सलपणा कसा तपासावा हे मुख्य लेख लिहून संपवावेत आणि जानेवारीत प्रसिद्ध करावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाडव्याच्या मागणीपूर्वी दर आणि नोंदणी यांचे पान अद्ययावत करावे. एप्रिल-मेमध्ये नवा लेख लिहूच नये. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात पेट्या किती उरल्या, कोणत्या मार्गावर गाडीला उशीर होत आहे, एवढ्या दोन ओळींच्या सूचना पुरेत.

सावधान: सणाच्या शुभेच्छा हा लेख नव्हे. त्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवाव्यात. ब्लॉगच्या पहिल्या पानावर मागच्या संक्रांतीचा तिळगूळ जूनपर्यंत दिसत राहिला, की व्यवसाय चालू आहे की नाही याचीच वाचकाला शंका येते.

## टप्पा ५: एक लेख, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

५.१ उत्तर बोलून घ्यावे. ज्याला माहिती आहे त्याला लिहिण्याची सवय नसते आणि ज्याला लिहिता येते त्याला माहिती नसते. यावर सोपा उपाय असा की, माहितगाराला ग्राहकाचा प्रश्न जसाच्या तसा विचारावा आणि तो फोनवर देतो तसे उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. मोबाइलमधील मराठी बोलून टंकण्याची सोय कच्चा मजकूर बऱ्यापैकी उतरवते. नावे, आकडे आणि बागेतील शब्द मात्र तपासून दुरुस्त करावे लागतात.

५.२ उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्यावे. सर्वाधिक बिघाड येथे होतो. “पेटी उघडली तर आंबे हिरवेच निघाले” या प्रश्नावर लिहिलेला लेख बहुतेक ठिकाणी असा सुरू होतो:

“आंबा हा फळांचा राजा मानला जातो. त्यातही कोकणच्या लाल मातीत पिकणारा हापूस जगप्रसिद्ध आहे. उन्हाळा सुरू झाला की सर्वांनाच आंब्याचे वेध लागतात…”

वाचकाच्या समोर हिरव्या आंब्यांची पेटी उघडी पडलेली आहे. त्याला राजाची वंशावळ नको आहे. तोच लेख असा सुरू व्हावा:

“आम्ही फळ तयार झाल्यावर, पण कच्चे असतानाच तोडतो, म्हणून पेटीतील आंबे हिरवे असणे ही चूक नाही. पेटी आली त्याच दिवशी उघडा, आंबे न धुता भाताच्या पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात मांडा आणि पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज एकदा पाहून, पिवळसर झालेले आणि देठाजवळ सुवास येणारे आंबे बाजूला काढा.”

तीन वाक्यांत निम्म्या वाचकांचे काम झाले. ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांच्यासाठी मग कारणे द्यावीत: कच्चा आंबा थंडीत ठेवल्यास त्याची पिकण्याची क्रिया बिघडते, साल काळवंडते आणि चव उतरते; अढीतले (पिकवण्यासाठी मांडून ठेवलेले) फळ एकाच दिवशी पिकत नाही, म्हणून रोज निवडावे लागते; पूर्ण पिकलेले फळ मात्र एक-दोन दिवस लांबवायचे असल्यास फ्रिजमध्ये ठेवता येते. ओळखीच्या खुणा, दिवसांचा अंदाज आणि शेवटी फळ खराब निघाल्यास काय करावे, हा क्रम ठेवावा.

५.३ गैरसोयीचे उत्तरही लिहावे. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. “आमच्या आंब्यात साका नसतोच” असे लिहिणारा पहिल्याच तक्रारीला खोटा ठरतो. त्याऐवजी साका का होतो याविषयी जे नक्की माहीत आहे ते, तो टाळण्यासाठी आपण तोडणीनंतर फळ उन्हात आणि तापलेल्या जमिनीवर राहू देत नाही ही काळजी, आणि कापलेल्या फळाचे छायाचित्र किती तासांत पाठवल्यास भरपाई कशी मिळेल हा आपला नियम, हे तिन्ही लिहावे. माझ्या पाहण्यात अशा लेखानेच ग्राहकाचा विश्वास सर्वाधिक बसतो, आणि नेमका हाच लेख लिहायला मालक तयार होत नाहीत.

परदेशी पाठवण्याच्या प्रश्नाचेही तसेच आहे. अमेरिकेत भारतीय आंबा जाऊ शकतो, पण मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण प्रक्रिया आणि तपासणी झाल्यावरच. घरून कुरिअरने पेटी पाठवता येत नाही. “नाही” हे उत्तर कारणासह लिहिले, तर न्यू जर्सीतील मुलीसाठी विचारणारे आईवडील निदान पुण्याच्या घरासाठी तरी पेटी नोंदवतात.

५.४ शीर्षक आणि उपशीर्षके शेवटी ठरवावीत. “कोकणच्या मातीचा सुगंध” हे शीर्षक कोणी शोधत नाही. “हापूसची पेटी घरी आल्यावर आंबे कसे पिकवावेत?” हे शोधले जाते. मजकुरात हापूस, देवगड हापूस, अस्सल हापूस असे शब्द दर दोन ओळींनी पेरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये, कारण असा मजकूर मोठ्याने वाचला तर जत्रेतील भोंग्यासारखा ऐकू येतो आणि शोधयंत्राच्या धोरणातही शब्दांची अशी पेरणी स्पॅममध्ये मोडते.

५.५ छायाचित्रे स्वतःची वापरावीत. इंटरनेटवरून उचललेल्या छायाचित्रावर कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतो. शिवाय ज्या आंब्यावर दुसऱ्याच जातीचा रंग आहे, असे चित्र हापूसच्या लेखाला लावल्याचे जाणकार ग्राहक ताबडतोब ओळखतो. मोबाइलने दिवसाच्या प्रकाशात काढलेली तीन छायाचित्रे पुरतात: कच्चे, अर्धे पिकलेले, पूर्ण पिकलेले. चढवण्यापूर्वी त्यांचा आकार कमी करावा आणि प्रत्येकाला चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर द्यावा.

सावधान: यंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतलेला मजकूर जसाच्या तसा चढवू नये. मुद्दे लावून घेण्यास किंवा शुद्धलेखन पाहण्यास त्याचा उपयोग होतो, पण “आंबे ताजे राहण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवा” असे आत्मविश्वासाने लिहिलेले वाक्य आपल्या नावाने प्रसिद्ध झाले, की बिघडलेल्या पेटीची तक्रार आपल्याकडेच येते. शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या निरुपयोगी लेखांविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये आपली धोरणे कडक केली. तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, यावर ते अवलंबून नाही.

## टप्पा ६: प्रसिद्धीपूर्वीची तपासणी

लेख तयार झाल्यावर एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग दोन जणांनी वाचावा: एक धंद्यातला, एक बाहेरचा. धंद्यातला माणूस तथ्ये पाहतो. बाहेरच्याला लेख वाचून ती कृती करता येते का, हे पाहायचे असते. त्यानंतर दाव्यांची स्वतंत्र तपासणी करावी, कारण व्यवसायाच्या ब्लॉगवरील विधान हे कायद्याच्या दृष्टीने जाहिरात ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट आणि वेबसाइट यांचा समावेश आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हापूसच्या लेखांत पुढील विधाने तपासूनच सोडावीत.

- मूळ ठिकाण. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मानांकनाचा आधार घेऊन विक्री करायची असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी. शेजारच्या बागेतील किंवा दुसऱ्या तालुक्यातील माल मिसळत असाल, तर “सर्व आंबे आमच्याच बागेतील” हे वाक्य काढून टाकावे.
- पिकवण्याची पद्धत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूच्या नियंत्रित वापरास मात्र परवानगी आहे. “कार्बाइड नाही” याचा अर्थ “गवतातच पिकवलेले” असा आपोआप होत नाही. जी पद्धत वापरतो तीच लिहावी.
- सेंद्रिय. फवारणी कमी केली म्हणजे माल सेंद्रिय होत नाही. प्रमाणपत्र असेल तरच हा शब्द वापरावा, नसेल तर कोणत्या फवारण्या केव्हा बंद केल्या हे साध्या शब्दांत सांगावे.
- आरोग्य. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व यांपैकी कशावरही गुण येतो, असे लिहू नये.
- ग्राहकांचे अभिप्राय. व्हॉट्सॲपवरील संभाषणाचे चित्र टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि नाव व क्रमांक झाकावेत.

तपासणी: लेख मोबाइलवर उघडून वाचावा. बहुतेक वाचक तेथेच वाचणार आहेत आणि संगणकावर नीटनेटका दिसणारा तक्ता मोबाइलच्या कडेबाहेर जातो.

## टप्पा ७: लेख ग्राहकापर्यंत नेणे

येथे वेगळी खटपट फारशी लागत नाही. तोच प्रश्न पुन्हा आला, की थोडक्यात उत्तर देऊन सोबत लेखाची लिंक पाठवावी. पेटीत ठेवण्याच्या चिठ्ठीवर “आंबे कसे पिकवावेत” या लेखाचा क्यूआर कोड छापावा; ज्या क्षणी प्रश्न पडतो त्याच क्षणी उत्तर हातात असते. मागणीच्या पानावरून संबंधित लेखांकडे आणि लेखांतून मागणीच्या पानाकडे दुवे द्यावेत. हाऊसिंग सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटांत रोज लिंक टाकू नये. लोक गट सोडत नाहीत, फक्त आपल्याला वाचणे सोडतात.

## टप्पा ८: जुन्या लेखांची निगा

ब्लॉग चालू ठेवणे म्हणजे नवे लेख लिहीत राहणे, ही समजूत बहुतेकांची असते. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षापासून निम्म्याहून अधिक वेळ जुन्या लेखांवर जायला हवा आणि तरच ब्लॉग टिकतो.

सर्वांत महागडी चूक वर्षाची आहे. “हापूस दर २०२४” असा लेख, त्याच्या वेबपत्त्यातही २०२४. पुढच्या वर्षी नवा लेख, नवा पत्ता. दर वर्षी शून्यापासून सुरुवात होते आणि शोधणाऱ्याला कधी जुनाच दर दिसतो. त्याऐवजी दराचे एकच कायमचे पान ठेवावे, पत्त्यात वर्ष नसावे आणि शीर्षकातील वर्ष, मजकूर व तारीख दर हंगामात बदलावी. हंगाम संपल्यावर ते पान काढून टाकू नये. “या वर्षीची विक्री संपली, पुढील नोंदणी केव्हा सुरू होईल” हे लिहून तसेच ठेवावे.

पावसाळ्यात दोन दिवस काढून प्रत्येक लेख उघडावा आणि चारपैकी एक निर्णय घ्यावा. लेख बरोबर असेल तर ठेवावा. तपशील जुने असतील तर दुरुस्त करून “शेवटचा आढावा” ही तारीख बदलावी. मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलणे ही वाचकाची फसवणूक आहे. दोन लेख एकच गोष्ट सांगत असतील तर चांगल्यात दुसरा मिसळावा आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावावे, जे निदान वर्षभर काढू नये. निरुपयोगी असेल तर काढून टाकावा, शुभेच्छांसह.

याच दोन दिवसांत संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घ्यावी. वर्डप्रेसच्या निर्यात सुविधेतून मिळणाऱ्या फाइलमध्ये लेखांचा मजकूर असतो, पण छायाचित्रे प्रत्यक्षात नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात. म्हणून छायाचित्रांचा फोल्डर वेगळा उतरवावा आणि दोन्ही होस्टिंगपासून दूर, स्वतःच्या संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावेत.

सावधान: वेबसाइटचे रूप बदलताना किंवा नव्या माणसाकडे काम देताना जुन्या लेखांचे पत्ते तेच राहतील, ही अट लेखी घालावी. पेट्यांतील चिठ्ठ्यांवर छापलेले क्यूआर कोड त्याच पत्त्यांवर जातात.

## टप्पा ९: उपयोग होतो की नाही, हे कसे मोजावे

एकूण वाचकसंख्या हा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी कामाचा आकडा आहे. “आंब्याचे फायदे” वाचायला आलेले हजार जण पेटी घेत नाहीत. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांनी लोक कोणत्या लेखावर आले. एखादा लेख शोधात दिसतो पण कोणी उघडत नाही, असे असेल तर शीर्षक बदलून पाहावे. भलत्याच शब्दांनी लोक येत असतील तर तो वेगळ्या लेखाचा विषय असू शकतो आणि त्याची नोंद प्रश्नांच्या वहीत करावी. येथे शेवटच्या सोळा महिन्यांचेच आकडे उपलब्ध असतात. हंगामी व्यवसायात एप्रिलची तुलना मार्चशी करणे निरर्थक आहे, एप्रिलची मागील एप्रिलशीच करावी लागते. म्हणून दर जूनमध्ये आकडे उतरवून जपून ठेवावेत.

दुसरी, लेखातून आलेली मागणी. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधीच लिहिलेला संदेश ठेवता येतो. प्रत्येक लेखातील दुव्यात थोडा वेगळा संदेश ठेवला, उदाहरणार्थ “साक्याविषयीचा लेख वाचला, पेटीची चौकशी करायची आहे”, तर ग्राहक कोठून आला हे वेगळे विचारावे लागत नाही.

तिसरी, फोनवरील प्रश्न. चिठ्ठीवर क्यूआर कोड छापल्यानंतरही “आंबे हिरवे आहेत” अशा तक्रारी तितक्याच येत असतील, तर लेख सापडत नाही किंवा समजत नाही. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून तक्रार करणाऱ्यालाच विचारावे की चिठ्ठी पाहिली का.

हे तिन्ही आकडे पहिल्या हंगामात तुटपुंजेच असतात आणि त्यावरून ब्लॉग बंद करण्याचा किंवा पैसे ओतण्याचा निर्णय घेऊ नये. दुसरा हंगाम संपल्यावर, दोन एप्रिल शेजारी ठेवून पाहावे आणि ज्या तीन-चार लेखांतून खरी मागणी आली त्यांच्यावरच तिसऱ्या वर्षीचा वेळ आणि खर्च लावावा.